शिक्षा संपल्यावर उपचार कोण करणार? अमेरिकेतील माजी सैनिक-कैद्यांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

तुरुंगवास झाला म्हणून अमेरिकेतल्या माजी सैनिकाचा, माजी सैनिकांसाठीच्या स्वतंत्र सरकारी खात्याच्या दवाखान्यांवरचा हक्क संपत नाही. देशद्रोहासारखे मोजके गुन्हे सोडले, तर कायद्यात तसे कुठेही म्हटलेले नाही. तरीही तुरुंगाच्या बराकीत वर्षानुवर्षे उलटेच सांगितले जाते: शिक्षा झाली, आता सगळे गेले. ही समजूत कैद्यांच्या अडाणीपणातून आलेली नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी झालेल्या निर्णयांनी तिला खतपाणी घातले आहे.

व्हिएतनामच्या आधीचा इतिहास इथे फारसा उपयोगाचा नाही. माजी सैनिक तुरुंगात तेव्हाही होते, पण स्वतंत्र गट म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. 1978 मध्ये देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 24 टक्के माजी सैनिक होते. युद्धानंतरच्या मानसिक आघाताला अधिकृत निदानाचे नाव मिळाले ते 1980 मध्ये, म्हणजे त्यातले अनेक जण आत गेले तेव्हा त्यांच्या आजाराची वैद्यकीय पुस्तकात नोंदच नव्हती. सक्तीची सैन्यभरती 1973 मध्ये थांबली आणि पुढे हे प्रमाण घसरत गेले. 2011-12 मध्ये ते 8 टक्क्यांवर होते, पण त्यामागची माणसे तब्बल 1,81,500 होती. इतर कैद्यांपेक्षा त्यांचे वय जास्त, साहजिकच दुखणीही जास्त. त्यांच्यात लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्यांचे प्रमाणही अधिक आहे. हे अवघड सत्य धोरणाच्या चर्चेत टाळले जाते. सुटल्यावर त्यांना निवारा मिळणे त्यामुळेच कठीण होते, आणि पत्ता नसलेल्या माणसाला औषधे वेळेवर मिळत राहणेही.

गैरसमजाचे पहिले मूळ पैशात आहे. 1980 च्या कायद्याने ठरवले, की गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माजी सैनिकाची अपंगत्व-भरपाई तुरुंगवासाच्या 61 व्या दिवसापासून कापायची. अपंगत्व 20 टक्के असो वा 100 टक्के, हातात 10 टक्क्यांच्या दराइतकीच रक्कम पडते. कापला जातो तो पैसा. अपंगत्वाची टक्केवारी कागदावर तशीच राहते आणि उपचारांतला अग्रक्रम त्या टक्केवारीवरच ठरतो. पण कैद्याच्या हाती येते ते रक्कम घटल्याचे पत्र. माजी सैनिकांच्या खात्याला तुरुंगवासाची खबर उशिरा लागली, तर जादा दिलेल्या पैशांच्या वसुलीची नोटीसही येते. अशी पत्रे वाचून आपले नाव यादीतून गेले असे कोणी मानले, तर त्याला दोष कसा द्यायचा? पूर्ण भरपाई सुटकेच्या तारखेपासून पुन्हा सुरू होऊ शकते. त्यासाठी सुटकेची खबर खात्याला वर्षभरात पोचावी लागते, आणि ती पोचवायची जबाबदारी सुटून आलेल्या माणसावर असते.

दुसरे मूळ दोन सरकारांमधल्या वाटणीत आहे. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या एका कैद्याच्या खटल्यात निर्णय दिला, की कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणे ही राज्यघटनेने निषिद्ध केलेली क्रूर शिक्षा आहे. त्यामुळे आतल्या उपचारांचा भार तुरुंगावर आला. 1996 मध्ये माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेची पात्रता नव्याने बांधली गेली, आणि त्यानंतर 1999 च्या नियमांत एक अपवाद लिहिला गेला: जो माजी सैनिक दुसऱ्या सरकारी यंत्रणेच्या ताब्यात आहे आणि ज्याच्यावर उपचार करणे त्या यंत्रणेचे कर्तव्य आहे, त्याच्यावर माजी सैनिकांचे खाते उपचार करणार नाही. एकाच माणसासाठी सरकारने दोनदा पैसे का मोजावेत, हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा म्हणता येत नाही. पण तुरुंगाचे कर्तव्य फाटकापाशी संपते आणि खात्याची सेवा अर्ज, ओळखपत्र, भेटीची वेळ असे टप्पे ओलांडल्यावर सुरू होते. मधले दिवस कोणाच्याच खात्यात येत नाहीत. शिक्षेचा शेवटचा भाग तुरुंगाबाहेरच्या संक्रमण-निवासात काढणारे तर आत धरायचे की बाहेर, यावरच घोळ होता. त्यांना हा अपवाद लागू नाही, असे स्पष्ट करणारे वाक्य नियमात पुढे जोडावे लागले.

हे मधले दिवस किती घातक असतात, ते 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका अभ्यासाने दाखवले. 30 हजारांहून अधिक सुटलेल्या कैद्यांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या 12.7 पट, तर अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यूचा धोका 129 पट होता. अभ्यास केवळ माजी सैनिकांचा नव्हता, पण वेदनाशामकांची सवय आणि मानसिक आघात बरोबर घेऊन बाहेर पडणाऱ्याला हे आकडे कमी लागू पडतील असे मानायला काहीच कारण नाही.

सर्वांत जास्त वाद मात्र आहे तो सैन्यातून माणूस कोणत्या शेऱ्यासह बाहेर पडला यावर. आपल्याकडे माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड निवृत्तिवेतनाशी बांधलेले आहे. अमेरिकेत निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकालाही दवाखाना मिळू शकतो, पण सेवामुक्तीचा शेरा आडवा येतो. 'सन्माननीय' आणि 'कलंकित' ही दोन टोके. कलंकित सेवामुक्ती केवळ वरच्या लष्करी न्यायालयाच्या शिक्षेने मिळते. या दोहोंमध्ये आणखी तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांतली 'सन्माननीयहून निराळी' ही प्रशासकीय सेवामुक्ती खरी गाठ ठरली. तिच्यासाठी खटला लागत नाही. लष्करी न्यायालय टाळण्यासाठी विशीतल्या किती तरी पोरांनी तो कागद मुकाट्याने घेतला.

1944 च्या कायद्याने दार मुद्दाम रुंद ठेवले होते: सन्मानाने सुटलेल्यांनाच नव्हे, तर 'कलंकित सोडून अन्य' प्रकारे सुटलेल्या प्रत्येकाला लाभ मिळावा, अशी त्याची भाषा होती. त्या काळी निळ्या कागदावर मिळणारी सेवामुक्ती कृष्णवर्णीय आणि समलिंगी सैनिकांच्या माथी भरमसाट मारली जात होती, आणि खाते तिला अनेकदा कलंकित धरून लाभ नाकारत होते. 1946 मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. निळा कागद पुढच्या वर्षी गेला, पण सवय गेली नाही. 'हेतुपुरस्सर आणि सततचे गैरवर्तन' अशा ढोबळ निकषावर खाते स्वतःच निवाडा करत राहिले. 2016 च्या एका अभ्यासानुसार 2001 नंतर सेवेत आलेल्यांपैकी 6.5 टक्के लोक लाभांबाहेर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीत हे प्रमाण 1.7 टक्के होते. ज्या कायद्याने दार उघडले, त्याच कायद्याच्या नावाने ते लोटले गेले, असे म्हणण्यावाचून मला तरी गत्यंतर दिसत नाही.

तुरुंगाशी याचा संबंध असा, की शेऱ्याची गल्लत शिक्षेशी केली जाते. सेवामुक्तीनंतर नागरी न्यायालयाने दिलेली शिक्षा जुन्या शेऱ्याला हात लावत नाही. 2011-12 च्या पाहणीत कैदेतल्या माजी सैनिकांपैकी सुमारे 77 टक्क्यांची सेवामुक्ती सन्माननीय किंवा त्या खालोखालच्या प्रकारची होती; म्हणजे बहुतेकांच्या वाटेत शेऱ्याची अडचण नव्हतीच. उरलेल्यांपैकी 'सन्माननीयहून निराळा' शेरा असलेल्या अनेकांनाही सेवेत झालेल्या दुखण्यासाठी उपचार द्यायची सोय 1977 च्या कायद्याने केलेली आहे. पण खिडकीवर 'तुम्ही पात्र नाही' एवढेच ऐकून, रीतसर निवाडा न होताच परत गेलेल्यांच्या तक्रारी थेट अलीकडेपर्यंत येत राहिल्या.

सेवेचा पुरावा हीही अडचण आहे. 1973 च्या जुलैत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सेवानोंदी जळाल्या. वयस्क कैद्याकडे सेवामुक्तीचा कागद नसेल आणि मूळ नोंदही राख झालेली असेल, तर अन्य कागदांवरून सेवा सिद्ध करायला महिने जातात.

आत जाऊन काम करायची कल्पना उशिरा आली. 2001 मध्ये बेघर माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने काही मोजक्या ठिकाणी प्रयोगाला मान्यता दिली. 2007 पासून माजी सैनिकांच्या खात्याचे समाजसेवक राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत सुटकेच्या सुमारे सहा महिने आधी भेटू लागले: अर्ज भरून घेणे, जवळचा दवाखाना शोधणे, पहिली भेट ठरवणे. 2008 मध्ये बफलो शहरात माजी सैनिकांसाठी उपचारकेंद्री न्यायालय सुरू झाले आणि 2009 मध्ये स्थानिक कोठड्या व न्यायालयांसाठी समाजसेवकांची वेगळी फळी उभी राहिली. प्रसिद्धी न्यायालयांना मिळाली. तुरुंगांत फिरणारी माणसे मात्र सगळ्या देशासाठी काही डझनच होती. माजी सैनिक शोधायचे कसे, हाही प्रश्न होता, कारण आत गेल्यावर अनेक जण सेवा लपवतात. कोणाला लाज वाटते, कोणाला उरलेली भरपाई जाईल अशी भीती असते. म्हणून कैद्यांच्या याद्या लष्करी नोंदींशी ताडून पाहणारी संगणकीय सेवा आली, आणि तुरुंगांच्या हिशेबात नसलेले माजी सैनिक तिने समोर आणले.

त्यानंतर बदल भराभर झाले. 2017 मध्ये 'सन्माननीयहून निराळ्या' शेऱ्याच्या लोकांसाठी तातडीचे मानसोपचार खुले झाले. 2018 च्या कायद्याने त्यांतल्या लढाईत काम केलेल्यांना आणि सेवेत लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना मानसोपचारांचा हक्क दिला. जानेवारी 2023 पासून आत्महत्येच्या संकटात असलेल्या माजी सैनिकावर, तो खात्याच्या यादीत नसला तरी, सरकारी खर्चाने उपचार होऊ लागले. 2024 च्या सुधारित नियमाने गैरवर्तनाचा निवाडा करताना मानसिक आजार, लढाईतले हाल, अत्याचार आणि भेदभाव यांचा विचार बंधनकारक केला. गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्याचा पैसा तुरुंगात वापरायला 1965 पासून मनाई होती. तिथेही 2023 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाला सुटकेआधीच्या 90 दिवसांसाठी पहिली सवलत मिळाली आणि इतर राज्ये त्या वाटेने निघाली. माजी सैनिकांच्या खात्याचा 1999 चा अपवाद मात्र जागेवर आहे. त्यामुळे त्याच 90 दिवसांत खात्याचा समाजसेवक कैद्याचा अर्ज भरू शकतो, डॉक्टरची वेळ घेऊ शकतो. त्या डॉक्टरने तपासायचे ते सुटका झाल्यावरच.