जुनी कार्टून फक्त मुलांसाठी होती का?

'आमच्या वेळची कार्टून निरागस होती, खास लहान मुलांसाठीच बनवलेली' असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. आपण ती लहानपणी टीव्हीवर पाहिली, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण अमेरिकेतली १९३० ते १९५० च्या दशकांतली ती गाजलेली लघुकार्टून टीव्हीसाठी नव्हतीच. मुख्य चित्रपटाआधी थिएटरात ती दाखवत, आणि समोर सगळ्या वयाचे प्रेक्षक असत. म्हणूनच तर ती सहा-सात मिनिटांची आहेत.

१९५० चं 'द स्कार्लेट पम्परनिकल' बघा. विनोदी कामाला कंटाळलेला डॅफी डक हा कार्टूनमधला बदक स्टुडिओच्या साहेबाला स्वतःची पटकथा ऐकवतो आणि त्या कथेत तलवारबहाद्दर नायक होतो. खिडकीतून थेट घोड्यावर उडी मारायला जातो आणि सपशेल चुकतो. ही उडी तलवारबाजीचे चित्रपट पाहिलेल्यांना जास्त हसवते. शेवटाला तर कमालच आहे! साहेब 'पुढे काय?' विचारत राहतो आणि डॅफी वादळ, फुटलेलं धरण, ज्वालामुखी असं एकावर एक रचत जातो. शेवटचं संकट काय, तर खाद्यपदार्थ महागतात. महागाईचा हा विनोद लहान मुलाला कसा कळावा?

पडताळायचं असेल तर आधी निर्मितीचं वर्ष बघा. नावांच्या पाटीवर ते बहुधा रोमन आकड्यांत असतं. १९५० पर्यंत अमेरिकेतही घरोघरी टीव्ही नव्हते. मग मूळ प्रत मिळवून पाहा. 'द स्कार्लेट पम्परनिकल'मध्ये डॅफी शेवटी स्वतःवरच पिस्तूल झाडतो. टीव्हीवर दाखवताना काही वेळा तो भाग कापला जाई.