एलईडी पट्टीखालची कोथिंबीर

आमचा फ्लॅट पुण्यात, तळमजल्यावर, आणि पुढ्यातच दुसरी बिल्डिंग, त्यामुळे गॅलरीत ऊन येतं ते सकाळचं अर्धा-पाऊण तास, तेवढंच. दोन वर्षं तिथे कोथिंबीर लावून बघितली. धणे रगडून पेरले की आठ-दहा दिवसांत छान उगवून यायची, पहिली दोन लांबट पानं यायची, आणि मग दांडा नुसता सुतासारखा वाढत जायचा आणि सगळी कोथिंबीर एका बाजूला आडवी. माती बदलली, शेणखत घातलं, पाणी कमी-जास्त केलं, काही फरक नाही. शेवटी फोनवर लक्स, म्हणजे उजेड किती आहे ते, मोजायचं ॲप टाकलं आणि फोन कुंडीशेजारी आडवा ठेवला. ९०० लक्स. तोच फोन दुपारी सोसायटीच्या गेटबाहेर उन्हात धरला तर आकडा लाखाच्या आसपास.

म्हणजे जी गॅलरी मला चांगली उजेडाची वाटत होती तिथे उन्हाच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा प्रकाश नव्हता! आपल्याला हे कळत नाही कारण डोळा जुळवून घेतो, अंधारात बाहुली मोठी होते, आतला पडदा जास्त संवेदनशील होतो आणि रात्री ट्यूबच्या दीड-दोनशे लक्समध्ये आपण आरामात पेपर वाचतो. पानाला ही सोय नाही. पान फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजून घेतं. हवेतला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडून त्याची साखर करायला निदान ८ ते १० फोटॉन लागतात, त्यात सूट मिळत नाही, आणि श्वसन तर रात्रंदिवस चालूच असतं. कमाई खर्चापेक्षा कमी पडली की रोप साठवणीतलं खातं, आणि उजेड वरती कुठेतरी असेल म्हणून दांडा ताणत सुटतं. सुतासारखी कोथिंबीर म्हणजे उपाशी कोथिंबीर, हे मला तेव्हा कळलं.

मग मी ऑनलाइन एक जांभळी पट्टी मागवली, लाल आणि निळे एलईडी असलेली, "झाडांसाठी खास" म्हणून. ती लावल्यावर खोली दुकानाच्या साइनबोर्डसारखी दिसायची आणि रोपं ताणायची काही थांबली नाहीत. कारण रंग नव्हतं, कारण ती पट्टीच मुळात कमजोर होती, पण त्या निमित्ताने लाल-निळ्याचं प्रकरण नीट वाचलं.

१८८२ च्या सुमारास थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एक फार सुंदर प्रयोग केला. सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाचा एक धागा ठेवला, त्यावर प्रिझममधून फोडलेले इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे बॅक्टेरिया सोडले. बॅक्टेरियांनी गर्दी केली ती लाल आणि निळ्या पट्ट्यात. शेवाळ तिथे जास्त ऑक्सिजन सोडत होतं. पानातून हरितद्रव्य काढून द्रावणात मोजलं तरी तेच दिसतं, लाल-निळं शोषलं जातं आणि हिरवं बरंचसं आरपार जातं. त्यावरून "झाडाला हिरवा प्रकाश लागतच नाही" असं पक्कं बसलं. पण पान म्हणजे द्रावणाची बाटली नाही ना, आत पेशींचे थर असतात, हिरवा प्रकाश त्यात इकडून तिकडे आपटत राहतो आणि शेवटी त्यातलाही मोठा भाग शोषला जातो. टेक्सासमधल्या कीथ मॅक्री यांनी २२ प्रकारच्या पिकांची खरी पानं घेऊन मोजलं, १९७२ मध्ये छापलं, आणि त्यांच्या आलेखात लाल सगळ्यात वर असला तरी हिरवा काही शून्यावर नाही, बऱ्यापैकी वर आहे. जांभळे दिवे वाईट नाहीत, लाल-निळे एलईडी विजेचा चांगला उपयोग करतात, पण घरात साधा पांढरा एलईडी उत्तम चालतो. तो मुळात निळाच असतो, वरच्या पिवळ्या लेपामुळे त्यातला काही निळा प्रकाश हिरवा-पिवळा-लाल होतो. केल्विन हा पांढऱ्याच्या छटेचा आकडा, ३००० केल्विनच्या वॉर्म व्हाइटमध्ये लाल जास्त, ६५०० च्या कूलमध्ये निळा जास्त. मी ४००० ची घेतली, आणि पांढऱ्या उजेडाचा दुसरा फायदा म्हणजे पान पिवळं पडतंय का, मावा लागलाय का ते डोळ्यांना दिसतं.

आता पट्टी. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून १२ व्होल्टची, मीटरला १२० एलईडीवाली ५ मीटरची रोल आणली. घरी भिंगातून बघितलं तर सगळा हिशोब पट्टीवरच मांडलेला असतो. तीन एलईडी, मग करंट अडवणारा एक इवलासा काळा रेझिस्टर, मग कात्रीची खूण, परत तीन एलईडी. रेझिस्टरवर १५१ लिहिलेलं, म्हणजे १५० ओहम. एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट, तिघांना ९, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टर खातो आणि त्यातून २० मिलिअँपिअर करंट ठरतो. मीटरमध्ये असे ४० गट, म्हणजे ०.८ अँपिअर, म्हणजे ९.६ वॅट. पाच मीटरला ४८. आणि १२ पैकी ३ व्होल्ट म्हणजे पाव वीज नुसती रेझिस्टर तापवण्यात जाते, हे मला खटकलं खरं. २४ व्होल्टच्या काही पट्ट्यांत एका रांगेत ७ एलईडी असतात, तिथे हे नुकसान आठव्या भागावर येतं.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं. अख्खी ५ मीटरची पट्टी एका टोकाला जोडली की पट्टीतलं तांबं पातळ असल्याने पुढे पुढे व्होल्टेज पडत जातं. समजा शेवटाला १०.५ पोचले. वाटतं दीडच व्होल्ट कमी आहे, पण एलईडी आपले ९ च्या आसपास धरूनच ठेवतात, रेझिस्टरला ३ ऐवजी दीड व्होल्ट मिळतो आणि करंट जवळजवळ निम्मा होतो. मी मल्टिमीटर लावून दोन्ही टोकं मोजली आणि मग सरळ पट्टी कापली, ५०-५० सेंटीमीटरचे दहा तुकडे, खुणेवरच कापायचे, आणि प्रत्येकाला जाड वायरने वेगळा प्लस-मायनस दिला. सोल्डरिंगचे डाग द्यायला वेळ लागला पण दहाही तुकडे सारखे पेटले.

तुकडे ॲल्युमिनियमच्या चॅनलवर चिकटवा, लाकडावर किंवा सनपॅकवर नको. एलईडी तापला की उजेड कमी होतो, आयुष्य कमी होतं आणि मागची टेप सुटून पट्टी लोंबायला लागते. हात लावून धरवत नसेल तर धातू कमी पडतोय असं समजा. वरून सिलिकॉन किंवा रेझिन ओतलेली वॉटरप्रूफ पट्टी मी घेतली नाही, त्यात उष्णता अडकते आणि स्वस्तातलं रेझिन पुढे पिवळं पडतं, पण मग उघड्या पट्टीवर पाणी उडणार नाही ही काळजी आपली.

माझं फळीचं माप ६० बाय ३० सेंटीमीटर. वर दहा तुकडे, पानांपासून १५-२० सेंटीमीटरवर, आणि तिन्ही बाजूंनी पांढरा सनबोर्ड, कारण बाजूला सांडणारा प्रकाश परत आत आला की रीडिंग लगेच वाढतं, करून बघा. फोन फळीवर उताणा ठेवला तर साधारण १३-१४ हजार लक्स आले. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, झाडांसाठी मायक्रोमोल वापरतात, म्हणजे चौरस मीटरवर सेकंदाला किती फोटॉन पडले ते. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की जवळपासचा आकडा मिळतो, माझा २०० च्या घरात. भर उन्हात तो २००० असतो. पण ऊन दिवसभर तेवढंच नसतं आणि आपला दिवा असतो, म्हणून खरा हिशोब दिवसाच्या बेरजेचा. २०० दराने १४ तास म्हणजे १० मोल (दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल). पालेभाजीला १२ ते १७ मिळाले तर उत्तम, १० वर कोथिंबीर-मेथी व्यवस्थित येते, मिरची-टोमॅटोला फळं धरायला मात्र २० च्या पुढे लागतात, ते या फळीवर होणार नाही. मनी प्लांटला यातलं फार थोडं पुरतं.

तास वाढवून भागवता येतं, पण एका मर्यादेपर्यंत. कोथिंबिरीला दिवस लांब झाला की ती फुलावर जायला बघते, शेवंतीचं उलट, तिला लांब रात्र मिळाली तरच कळ्या धरतात. ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रात्री बल्ब लावतात तेही यासाठीच, तिथे उजेड खाणं म्हणून नसतो, दिवस मोठा झालाय असा निरोप असतो. मी टायमरवर सकाळी ६ ते रात्री ८ ठेवलंय.

एसएमपीएस, म्हणजे घरच्या २३० व्होल्टचे १२ करून देणारा डबा, घेताना ४ अँपिअर लागतात म्हणून ४ चाच घेऊ नका, ५-६ चा घ्या. १२ व्होल्टच्या बाजूला हात लागला तर काही होत नाही, पण २३० ची बाजू जीव घेऊ शकते आणि आपण इथे पाणी आणि वीज शेजारी ठेवतोय. उघड्या स्क्रूवाला एसएमपीएस कुंड्यांजवळ नकोच, बंद ॲडॉप्टर टाइप घ्या, तो फळीच्या वर किंवा बाजूला टांगा, वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या म्हणजे पाणी वायरवरून ओघळत प्लगपर्यंत जात नाही, आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर या कामाच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून तेवढं बसवून घ्या. पाणी घालताना स्विच बंद.

एसएमपीएसचा स्वतःचा खर्च धरून ५५ वॅट, १४ तास, म्हणजे रोज पाऊण युनिट, महिन्याला तेवीसेक. जुडीच्या भावाशी तुलना केली तर पावसाळ्यात परवडतं, जेव्हा बाजारातली कोथिंबीर महाग आणि सडकी येते, एरवी नाही, एरवी हे हौसेचं आहे.

आत्ता फळीवर तिसरी खेप आहे. पेरून बाविसावा दिवस, दांडे बुटके आणि जाड, बुडाशी जांभळट झाक, आणि प्रत्येक रोपाला ती झालरीची खरी पानं तीन-तीन आली आहेत. मधल्या ओळीतली कडेच्या ओळींपेक्षा स्पष्ट मोठी आहेत, कारण कडेला दिवा एकाच बाजूने मिळतो, म्हणून पुढच्या खेपेला मधले दोन तुकडे काढून कडेला सरकवणार आहे.