बाँबर तळावरील भूकर्मचाऱ्यांच्या युद्धस्मृती

बाँबफेकी विमान स्वतः न उडवता ते उडण्याजोगे ठेवणाऱ्या कारागिरांच्या आठवणी. इंजिन फिटर, सांगाडा पाहणारे, वीज आणि वायरलेसवाले, बाँब चढवणारे आर्मरर, पेट्रोलच्या टँकरवरचे, अशी ही मंडळी. भुसावळचे लोको शेड पाहिलेल्या खानदेशी माणसाला यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. गाडी ड्रायव्हरच्या हातात दिसते, पण तिच्या पोटात हात घालणारा शेडमध्येच राहतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या तळांवर चार इंजिनांची लँकेस्टर विमाने धावपट्टीपासून दूर, उघड्यावर विखरून उभी असत. हिवाळ्यात हात गारठून पाना धरवत नसे. काम झाले की ज्याने त्याने विमानाच्या देखभालीच्या नोंदीवर, म्हणजे ‘फॉर्म ७००’वर, सही करायची, शेवटी वैमानिकाने सही करून विमान ताब्यात घ्यायचे. या सहीने पुढे पुष्कळांना छळले. विमानातले सात जण संध्याकाळी निघत आणि पहाटेपर्यंत खालच्यांनी वाट पाहायची. विमान आले नाही तर त्याची जागा रिकामी राही आणि मनात एकच प्रश्न उरे : माझ्याकडून काही सुटले तर नसेल? बाँबर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबफेकी विभागाचे, ५५,५७३ उड्डाणकर्मी मारले गेले; त्यांतल्या बहुतेकांची कोणीतरी खाली वाट पाहत उभे होते. या आठवणींत घटना कमी आणि थांबणे जास्त.

भारतातली हकीकत उलट्या टोकाची. मिदनापूरकडच्या दिग्री व सालबोनी तळांवरून लिबरेटर ही अमेरिकी बनावटीची बाँबफेकी विमाने जपानी ताब्यातल्या ब्रह्मदेशात रेल्वेमार्गांवर बाँब टाकायला जात. तिथे हात गारठत नसत, पोळत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर दुपारी काम करणे अशक्य, म्हणून जमेल तितके पहाटे उरकायचे. भुसावळ-जळगावचा मे महिना काढलेल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभी राहिली, तेव्हा तिच्यात १९ ‘हवाई सिपाही’ होते. १९४२ च्या फेब्रुवारीत तिच्याच लायसँडर विमानांनी ब्रह्मदेशातल्या टाऊंगूहून हल्ले केले. हे विमान मुळात सेनेच्या मदतीचे, टेहळणीचे. त्याला २५० पौंडी बाँब लटकवायची सोय तळावरच्या कारागिरांनीच बसवली. इतिहासात नाव राहिले ते तुकडीप्रमुख मजुमदार यांचे, आणि ते योग्यही आहे; पण बाँबच्या पट्ट्या आवळणाऱ्यांची नावे शोधायची म्हटली तर दमछाक होते. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याने दुरुस्त करून १९४८ पासून भारतीय हवाई दलाला दिली. ब्रिटिशांनी जाताना ती मुद्दाम मोडून ठेवलेली होती. अशी चाळीसच्या आसपास विमाने उभी करणे हा भूकर्मचाऱ्यांच्या हुन्नराचा सर्वांत मोठा पुरावा मानायला हवा. त्यांतली काही १९६८ पर्यंत सेवेत होती.

खानदेशात मात्र त्या वर्षांची आठवण काढली की वेगळेच प्रसंग पुढे येतात : ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मोर्चात गोळी लागून पडलेला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती, १९४४ मध्ये क्रांतिकारकांनी केलेली चिमठाण्याची सरकारी खजिन्याची लूट. त्याच काळात सरकारी गणवेश घालून कुठल्याशा तळावर ग्रीस फासणाऱ्याने गावात परतल्यावर काय सांगावे? सांगण्याजोगी गोळीही त्याने झाडलेली नसे. अभिमानाने सांगावे तर अडचण, लपवावे असेही काही नाही, अशा पेचात अशा आठवणी घराबाहेर पडत नाहीत.

म्हणून अशा आठवणी गोळा करताना ‘तुम्ही कुठे लढलात?’ असे विचारू नये. उत्तर ‘कुठंच नाही’ असे येते आणि बोलणे तिथेच संपते. हत्यारपेटीत काय काय असायचे, हे विचारावे.