पुस्तक बारीक, म्हणून नियम सोपे?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाचे (यात प्रत्येक खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि कृतीचा निकाल फाशांवर ठरतो) १९७४ चे मूळ नियम तीन लहान पुस्तिकांत मावत होते. त्यावरून जुना खेळ सोपा होता आणि पुढच्या आवृत्त्यांनी तो किचकट केला, असा समज अजूनही प्रचलित आहे. पानांपुरता तो ठीक आहे, खेळायला बसल्यावर मात्र टिकत नाही. तेव्हा चिलखत जितके भक्कम, तितका त्याचा बचावाचा अंक लहान असे (ढालीसह पोलादी चिलखताला २, नुसत्या अंगाला ९), आणि वार लागला की नाही हे तक्त्यात शोधावे लागे. पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत तर एकच योद्धा अडकलेले दार सहा बाजूंच्या फाशाने उघडी आणि गज मात्र टक्केवारीच्या फाशांवर वाकवी. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने बहुतेक कृतींसाठी २० बाजूंचा फासा आणि त्यात मिळवायचा अंक अशी एकच रीत आणली, जरी तिच्या झटापटीच्या नियमांनी अनेकांचे डोके उठवले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत कित्येक किरकोळ बेरजा-वजाबाक्या गेल्या. त्यांऐवजी परिस्थिती अनुकूल असेल तर २० बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. आजच्या पुस्तकांची जाडी मुख्यतः मंत्र, राक्षस आणि पात्रांचे पर्याय यांची आहे, आणि ती पाने कोणालाही पाठ करावी लागत नाहीत.