पॅराथायरॉईड काढली की क्रिएटिनिन का वाढतं? जरा मागची गोष्ट

ओळखीतल्या एका काकांच्या किडनी ट्रान्सप्लांटला तीन वर्षं झालीत. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं, काही केल्या 11 च्या खाली येईना म्हणून मानेतलं पॅराथायरॉईडचं ऑपरेशन केलं, कॅल्शियम उतरलं आणि क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनीचं काम मंदावलं की वाढतो) 1.3 चं 1.6 झालं. काकूंच्या तोंडचं पाणीच पळालं, रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारणं, तर नाही ना! नव्हतं.

रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या या पॅराथायरॉईड ग्रंथी पहिल्यांदा सापडल्या त्या चक्क गेंड्यात, तोही आपला भारतीय गेंडा. लंडनच्या झूमध्ये तो 1849 मध्ये मेला, रिचर्ड ओवेननी चिरफाड केली तेव्हा थायरॉईडला चिकटलेला छोटा पिवळसर गोळा दिसला. माणसातल्या ग्रंथींवर 1880 मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमनं सविस्तर लिहिलं, पण तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी, त्याही थायरॉईडच्या मागे लपलेल्या, कोण कशाला बघतंय.

पहिलं यशस्वी ऑपरेशन 1925 चं, व्हिएन्नात, फेलिक्स मांडलनी केलेलं. पेशंट ट्राम कंडक्टर, हाडं पार ठिसूळ झालेली. गंमत म्हणजे मांडलना आधी वाटलं ग्रंथी कमी पडतायत, म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथी आणून बसवल्या! फरक शून्य. मग मान उघडून गाठ काढली तेव्हा कुठे माणूस सुधारला.

म्हणजे सुरुवातीला सगळी नजर हाडांवर. किडनीचा संबंध ठळक झाला तो डायलिसिसवर माणसं वर्षानुवर्षं जगायला लागली तेव्हा, म्हणजे 1960 नंतर. किडनी बंद पडली की फॉस्फेट साठतं, व्हिटॅमिन डी ॲक्टिव्ह होत नाही कारण ते काम किडनीचंच, कॅल्शियम घसरतं आणि बिचाऱ्या ग्रंथी रात्रंदिवस पीटीएच, म्हणजे हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणणारं त्यांचं हार्मोन, सोडत बसतात आणि फुगतात. नवी किडनी बसली की त्या शांत व्हाव्यात, बऱ्याच जणांच्या होतातही, पण काहींच्या इतक्या हट्टी झालेल्या असतात की कॅल्शियम वाढलं तरी थांबत नाहीत. याला टर्शरी हायपरपॅराथायरॉईडिझम म्हणतात.

आता क्रिएटिनिन. जास्त कॅल्शियम किडनीला वाईट, मग ते उतरल्यावर किडनी खूश व्हायला हवी ना? पण 2000 नंतर ट्रान्सप्लांट पेशंटचे आकडे बघितले तर ऑपरेशननंतर जीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं रक्त गाळते तो आकडा, खाली आलेला, म्हणजे उलटंच. त्याचं कारण असं सांगतात की पीटीएच किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवरही काम करतं, फिल्टर जरा ताणूनच चालवतं म्हणा ना, आणि पीटीएच एकदम पडलं की तो जोर जातो. बहुतेकांचं नंतर एका जागी स्थिरावतं. तरी वाढलेलं क्रिएटिनिन अंगावर काढायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचंच, कारण खरं रिजेक्शनही असंच दिसू शकतं.

2004 मध्ये पीटीएच कमी करणारी सिनाकॅल्सेटची गोळी आली तेव्हा वाटलं सुरी सुटली. स्पेनमध्ये 30 ट्रान्सप्लांट पेशंटवर गोळी आणि ऑपरेशनची तुलना झाली, 2016 मध्ये छापली, वर्षानंतर कॅल्शियम नॉर्मल झालेले ऑपरेशनवाले 15 पैकी 15, गोळीवाले 15 पैकी 10. तीसच माणसं, म्हणून फार ताणू नये, पण सर्जन मंडळी हा आकडा आवर्जून सांगणार हे नक्की.

काकांचं क्रिएटिनिन 1.6 वरच थांबलंय. आता इतकी वर्षं पीटीएचनं पोखरलेली उपाशी हाडं रक्तातलं सगळं कॅल्शियम ओढून घेतायत, म्हणून ओठांभोवती मुंग्या आल्या की काकू लगेच कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा पुढे करतात.