बूटलोडर व्यवस्थापन

लॅपटॉप सुरू झाल्यावर फर्मवेअर (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) ज्या छोट्या प्रोग्रामला कामाला लावते आणि जो पुढे ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणतो, तो बूटलोडर. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदत असतील, तर कोणाचा बूटलोडर आधी चालेल आणि अपडेटनंतर ही घडी टिकेल का, हे पाहणे म्हणजे बूटलोडर व्यवस्थापन. सोलापुरात अशी जोडी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडे हमखास दिसते: प्रॅक्टिकलला उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), बाकी सगळ्याला विंडोज. चादरीची जॅकार्ड नक्षी संगणकावर काढणाऱ्यालाही सॉफ्टवेअरपायी विंडोज सोडवत नाही.

बायोस या जुन्या फर्मवेअरच्या पद्धतीत डिस्कच्या ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरमध्ये बूटलोडरला जेमतेम ४४६ बाइट मिळत. जागा एकच, त्यामुळे नंतर आलेली सिस्टिम आधीचीला हुसकावून लावी. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम त्यातूनच आला. यूईएफआय या नव्या फर्मवेअरमध्ये ही मारामारी उरली नाही. फॅट३२ स्वरूपाच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कच्या राखीव भागात) प्रत्येकाचे फोल्डर वेगळे असते आणि कोणाला आधी बोलवायचे, ती यादी मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत राहते.

म्हणून विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) मेनू दिसेनासा झाला, तर लिनक्स गेले असे समजून कोणी फॉरमॅट मारायला सांगितले तरी ऐकू नये. बहुतेकदा यादीतला क्रम तेवढा बदललेला असतो. फर्मवेअर सेटिंगमध्ये ‘उबुंटू’ वर घेतले की काम भागते. ग्रबमध्ये विंडोजच न दिसणे ही उलटी तक्रार. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो; तो सेटिंग फाइलमध्ये चालू करून अपडेट-ग्रब ही आज्ञा द्यावी लागते.

सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेलेच बूटलोडर चालू देणारी सोय) चालू असताना लिनक्स ‘शिम’ या स्वाक्षरी असलेल्या प्रोग्राममार्फत सुरू होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने बूटलोडर नाकारले आणि अनेक दुहेरी लॅपटॉपांवर लिनक्स उघडेना. सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी; नंतर विंडोज ती मागू शकते. दुकानदाराने स्वतःच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यावर लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर ती त्याच्या खात्यात जाऊन बसलेली असू शकते. हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

लिनक्स काढतानाही आधी यादीत विंडोज पहिले आणावे, मगच पार्टिशन पुसावे. थेट पुसले तर काळ्या पडद्यावर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट (आज्ञेची वाट पाहणारी ओळ) उरतो.