विरघळणारा टाका आणि विरघळणारी परांची

काही टाके काढावे लागत नाहीत, ते अंगातच विरघळतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. घोळ होतो तो त्यापुढे. फाटलेल्या कंडरेच्या, म्हणजे टेंडनच्या, दुरुस्तीसाठी विघटनशील तंतूंची जाळी वापरतात असे वाचले की ‘म्हणजे मोठा विरघळणारा टाकाच’ असा समज वाचक करून घेतात, आणि लेख लिहिणारेही तोच समज पुढे चालवतात. (कंडरेला ‘शीर’ म्हणणे सोडावे, ही माझी जुनी विनंती आहे. रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिघींना एकच शब्द वापरला, तर नेमके काय तुटले हे कोणालाच कळत नाही. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा, हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध; एवढे पुरे.)

या जाळीला मराठीत ‘सांगाडा’ म्हणण्याची पद्धत पडत चालली आहे, ती मला मान्य नाही. सांगाडा आत कायमचा राहतो. इथे अभिप्रेत आहे ती परांची: गवंड्यांना उभे राहायला बांधलेली आणि भिंत पुरी होत आली की उतरवायची. टाका हे दोरीचे काम करतो. दोन टोके एकमेकांना धरून ठेवतो, आणि पेशी त्याच्यावर वस्ती करतील अशी कोणाचीही अपेक्षा नसते. परांची पेशींसाठीच असते. म्हणून तिचे तंतू टाक्याच्या दोऱ्याहून कितीतरी बारीक, काहीशे नॅनोमीटर ते काही मायक्रोमीटर जाडीचे काढतात. त्यासाठी बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, द्रावणाला हजारो व्होल्टचा दाब देऊन त्याची धार ताणली जाते आणि फिरत्या रुळावर गोळा केली जाते, म्हणजे तंतू एकाच दिशेने बसतात. कंडरेतले कोलॅजन हे तंतुमय प्रथिनही असेच ओढीच्या दिशेने रचलेले असते, आणि पेशी पायाखालच्या तंतूंची दिशा धरून लांबट होतात.

गोंधळाचे मूळ असे की दोन्हींचा कच्चा माल पुष्कळदा एकच असतो. पॉलीडायॉक्सॅनोन या विघटनशील बहुवारिकाचा टाकाही होतो आणि परांचीही.

मात्र खरी गफलत ‘विरघळतो’ या एका क्रियापदात आहे, कारण त्याच्या पोटात दोन वेगळ्या तारखा दडलेल्या असतात: ताकद संपण्याची आणि पदार्थ नाहीसा होण्याची. शरीरातले पाणी बहुवारिकाच्या लांब साखळ्या मधेमधे तोडत जाते. साखळ्या आखूड झाल्या की दोरा कमजोर होतो, पण तुकडे विरघळून वाहून जाण्याइतके लहान होईपर्यंत तो जागेवर दिसतच राहतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. पॉलीग्लॅक्टिनचा नेहमीचा वेणीदार टाका पाहा: पदार्थ पूर्ण शोषला जायला 56 ते 70 दिवस लागतात, पण ताकद साधारण 3 आठवड्यांतच निम्म्यावर येते आणि चौथ्या आठवड्याअखेर पावभर उरते. म्हणजे ‘दोन महिन्यांचा टाका’ हे वर्णन रुग्णाची दिशाभूल करणारे आहे.

त्वचेला हे चालते, कारण ती तोवर जुळलेली असते. कंडरेला चालत नाही. तिच्यात पेशी कमी, रक्तपुरवठा तुटपुंजा. तिचे भरून येणे आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावे लागते, आणि अंतर्गत पुनर्रचना वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालते. म्हणूनच कंडरा शिवताना शल्यचिकित्सक बहुधा न विरघळणारा धागा निवडतात. ज्यांना ही जाळी ‘मोठा टाका’ वाटते, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

टाक्याच्या बाबतीत पहिली तारीख महत्त्वाची आणि दुसरी केवळ सोयीची. परांचीच्या बाबतीत दोन्ही तारखा उपचाराचाच भाग असतात, आणि त्यांच्या मधला उतारही. ताकद लवकर गेली तर कोवळ्या कोलॅजनवर एकदम भार येऊन जागा पुन्हा फाटते. ती फार काळ टिकली तर भार परांचीच पेलत राहते, नव्या ऊतीला ओढ मिळत नाही, आणि ओढीशिवाय कोलॅजन नीट रचले जात नाही. पॉलीकॅप्रोलॅक्टोन हे बहुवारिक शरीरात दोन वर्षांहून अधिक राहू शकते, म्हणून ते उत्तम, असे कोणी लिहिले की मला राहवत नाही: टिकाऊपणा हा इथे आपोआप गुण ठरत नाही. शिवाय टाक्याचे वेळापत्रक त्याच बहुवारिकाच्या बारीक तंतूंना जसेच्या तसे लावता येत नाही, कारण जाडी, पृष्ठभाग आणि छिद्रे बदलली की विघटनाची चालही बदलते. पॉलीलॅक्टिक आम्लासारखा पदार्थ विघटनात आम्ल सोडतो. ते थोडे थोडे सुटले तर शरीर त्याची विल्हेवाट लावते, एकदम साठले तर सूज वाढते.

ही कोंडी सोडवण्याचा मला सर्वांत पटलेला मार्ग ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 साली मांडला. खांद्याच्या कंडरांसाठी त्यांनी दोन थरांचा तुकडा रचला: एक विणलेला, भार पेलण्यासाठी, आणि दुसरा विद्युत्‌दाबाने काढलेल्या बारीक तंतूंचा, पेशींसाठी. दोन्ही थर पॉलीडायॉक्सॅनोनचेच. पदार्थाचे नाव तेच राहिले. तंतू किती जाड काढला आणि कसा रचला, यावर एका थराकडे दोरीचे काम आले आणि दुसऱ्याकडे परांचीचे.